बंदुकीचा वाटा

ती बंदूक माझी होती. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आणि वरच्या पाड्यावर ती आजही माझ्या मित्राची म्हणून ओळखली जाते. तो गेल्या वर्षी वारला. मी अजून आहे, म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

ती जमवायला मला पाच वर्षं लागली. धरणावरच्या नोकरीत घर भागवून उरेल त्यात एकेक भाग यायचा. नळी मुरबाडच्या पलीकडच्या एका म्हाताऱ्याच्या मोडक्या बंदुकीची. गोधडीत गुंडाळून एसटीने आणली आणि दोन पावसाळे ती नुसतीच माळ्यावर पडून राहिली. घोडा मिळाला तो बसेना. दुसरा मिळेपर्यंत आणखी वर्ष गेलं. कुंदा, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मित्राने शिसवीचा घडवला. मी डावखुरा. तो वाकसाने थोडं तासायचा, माझ्या डाव्या खांद्याला लावून बघायचा, पुन्हा तासायचा.

"एवढ्या टायमात लोकांची घरा बांधून होतात," तो म्हणायचा. "तुजी अजून बंदूकच चाललीय. डुकरा म्हातारी होऊन मरतील रे."

परवाना नव्हता. शिकारही बेकायदा, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला नोकरी जाण्याची भीती होती. आमच्याकडे रानडुक्कर मारलं की रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांचे वाटे सारखे पडतात आणि एक वाटा बंदुकीचा निघतो. तो मालकाच्या घरी जातो, मालक त्या दिवशी रानात नसला तरी. पहिल्याच डुकराला मी सगळ्यांसमोर म्हटलं, बंदुकीचा वाटा याच्या घरी द्या. बंदूकही पाड्यावर त्याच्याच घरात ठेवली. पुढे दर खेपेला वाटा तिकडेच गेला, आणि मी कुंदा खांद्याला लावत असूनही बंदूक त्याची झाली.

जंगलखात्याची माणसं आली तेव्हा पाड्यावर कोणी खोटं बोललं नाही. बंदूक कोणाची, असं विचारल्यावर लोकांनी, वाटा ज्याच्या घरी जातो त्याचं नाव सांगितलं. पंचनामा होताना मी गर्दीत उभा होतो. ती कोणी खांद्याला लावून पाहिली असती तर कळलं असतं, कारण मित्र उजव्या हाताचा. मी दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

कोर्टात त्याने बंदूक आपली नाही एवढंच सांगितलं. कोणाची ते सांगितलं नाही. मला एकदाच विचारलं, "तू बोलशील ना?"

"रिटायर होऊ दे," मी म्हटलं.

रिटायर झालो तोवर तो शिक्षा भोगून परत आला होता. आता बोलून काय उपयोग, हेही मीच ठरवलं.

उपयोग होता. त्याचा मुलगा वाशिंदला कारखान्यात आहे. बंदूक आपली नाही, असं बापाने त्याला शपथेवर सांगितलं होतं. मुलाने मानलं नाही. घरी आलेला वाटा त्यानेही खाल्ला होता. खोटारडा बाप म्हणून तो घरी येईनासा झाला.

गेल्या महिन्यात मी मित्राच्या बायकोकडे, वहिनीकडे गेलो. ती भात पाखडत होती. मी सगळं सांगितलं, तरी सूप थांबलं नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "मला सांगून काय करता? पोराला सांगा."

वाशिंदला गेलो. मुलाने मला दारातच उभं ठेवून ऐकलं.

"मग वाटा आमच्या घरी का यायचा?"

"माझं नाव येऊ नये म्हणून. मी तसं ठरवलं होतं."

"बाबा मरताना पन तेच बोलत व्हता," तो म्हणाला. "मी म्हटला, आता तरी खरा बोल."

मग म्हणाला, "लिहून द्या. पाड्यावर सगळ्यांसमोर वाचायचा. तुमी समोर बसायचा. बसाल?"

बसतो, असं मी म्हटलं. त्याला ते ऐकू गेलं नसावं. त्याने पुन्हा विचारलं.