अण्णांच्या आजाराचं नाव

वडिलांच्या निधनाची बातमी मीच लिहिली. तेव्हा मी औरंगाबादच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि निधनवार्तांचा रकाना माझ्याकडे होता. आजाराचं नाव छापायचं नाही, हा डेस्कवरचा नियम. अण्णा अकरा महिने अंथरुणावर होते. मी लिहिलं, 'अल्पशा आजाराने'.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर, हे डॉक्टरांनी फक्त मला सांगितलं होतं. धाकट्या बहिणीची सोयरीक जुळत आली होती. असल्या रोगाची वाच्यता झाली तर पुढचे लोक माघार घेतात. म्हणून कन्नडला, घरी, मी मूळव्याध सांगितली. आई, थोरला भाऊ, सगळ्यांनी तीच खरी मानली.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. आतड्यात आधी पॉलिप येतात, मांसाचे छोटे कोंब. वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. मग एखाद्याचा कॅन्सर होतो. हे रक्तात उतरू शकतं, तेव्हा आम्हा भावंडांनी चाळिशीच्या आत दुर्बिणीने आतडं तपासून घ्यावं.

मी घेतलं. दोन कोंब निघाले, तिथेच काढले. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. दादाला कळवायचं तर अण्णांपासून सुरुवात करावी लागली असती. बहिणीच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. लपवायला कारण उरलं नव्हतं.

पुढे दादाला शौचातून रक्त जाऊ लागलं. वडिलांची मूळव्याध आपल्यालाही लागली, असं धरून त्याने बाजारातल्या वैदूची पुडी दोन वर्षं ताकातून घेतली. अंगावरचे कपडे सैल झाले. एक दिवस शेतात चक्कर येऊन पडला, तेव्हा वहिनींनी त्याला एसटीने शहरात आणलं. मी त्यांना दवाखान्यात नेलं.

"घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय. वडलाला मूळव्याध व्हती. तीच लागली मला."

"कॅन्सर होता," मी म्हणालो. "अण्णांना कॅन्सर होता."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. दादा माझ्याकडे वळला.

"तुला कधीपासून ठावं?"

"तेव्हापासून."

"आन् तू सोताला तपासलं?"

"हो. दोन निघाले. काढले."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा डॉक्टरांना म्हणाला, "पेपरवाला हाय आमचा. साऱ्या जिल्ह्याची खबर घरबसल्या देतो."

डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.

दुर्बिणीत एक मोठी गाठ दिसली, आजूबाजूला चार लहान कोंब. शस्त्रक्रिया झाली, पण रोग यकृतात पोचला होता. बहिणीला मी त्याच आठवड्यात फोन करून सगळं सांगितलं. तिची तपासणी स्वच्छ आली.

वॉर्डात दादाने आपल्या मुलाला बोलावलं आणि शेजारच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मला कॅन्सर हाय. तुझ्या आज्यालाबी व्हता. तू नळी घालून बघून घे. लाजू नको." माझ्याशी तो त्यानंतर बोलला, पण जेवणाखाणाचं तेवढंच.

तो आठ महिन्यांनी गेला.

पुतण्या तपासणीसाठी शहरात आला, तेव्हा माझ्याकडे उतरला नाही. ते मला नंतर कन्नडला गेलो तेव्हा वहिनींकडून कळलं. काय निघालं, असं मी विचारलं.

"निघालं ते काढलं," वहिनी म्हणाल्या, आणि आत गेल्या.