पार्सिपनीच्या घरातला टब आम्ही का काढला

परवा रविवारी मुलाकडे, निखिलकडे जेवायला गेलो होतो. त्याच्याकडे बाथरूमचं रिमॉडेलिंग चाललंय, त्याची मुलगी नुकतीच वर्षाची झालीये. बोलता बोलता त्याने सहज विचारलं, "बाबा, हाऊ कम वी नेव्हर हॅड अ टब?"

माझा नवरा सुधीर हसत म्हणाला, "तुझ्या आजीची कृपा!" आणि त्याने सगळी गोष्ट सांगितली. मी खाली मान घालून भात कालवत बसले.

कारण ती गोष्ट खरी नाही. खरी आज सांगते.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. देश सोडून इथे आलो होतो, पार्सिपनीला आमचं छोटंसं घर, बाथरूम एकच. निखिल दीड वर्षाचा, आणि सासूबाई, म्हणजे आई, सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

एक दिवस दारावर नोटीस लागली. पाइपची दुरुस्ती, उद्या नऊ ते तीन पाणी बंद. मी पण सोलापूरचीच, एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात वाढलेली... सकाळी उठले आणि हात आपोआप चालायला लागले. पातेली भरली, कुकर भरला, बादली भरली आणि शेवटी टब. अगदी काठोकाठ. वर स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

तीनला पाणी आलं. टब रिकामा करायचा मात्र राहून गेला. मी कपडे मशीनला लावायला बेसमेंटमध्ये गेले, तेव्हा आई कणीक मळत होत्या आणि निखिल त्यांच्या पायाशी वाट्या घेऊन खेळत होता.

दहा मिनिटांनी वर आले तर वाट्या होत्या, निखिल नव्हता.

"अगं, तुझ्याच मागे आला ना?" आई म्हणाल्या.

घर इतकं छोटं की त्याची बडबड कुठेही ऐकू यायची. त्या क्षणी काहीही ऐकू येत नव्हतं...

बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. निखिल टबाच्या कडेवर पोटावर पडला होता. पाय जमिनीवरून उचललेले, दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात. तळाशी गेलेली वाटी काढायला बघत होता... नाक पाण्यापासून चार बोटांवर.

मी हाक मारली नाही. दचकला तर आत जाईल. श्वास रोखून पुढे गेले आणि पायजम्याला धरून त्याला मागे ओढलं. त्याने भोकाड पसरलं, आणि ते ऐकून मी तिथेच फरशीवर बसले.

सुधीर ऑफिसमधून आला तेव्हाही मी निखिलला मांडीवर घट्ट धरून बसले होते. टब तसाच भरलेला. काय झालं ते ऐकून सुधीर पांढराफटक पडला. "टब कोणी भरला?"

मागून आई म्हणाल्या, "मी भरला."

सुधीर आईंना कधी उलट बोलला नव्हता. त्या दिवशी वाट्टेल ते बोलला. आई ऐकत राहिल्या. खरं कळलं तर हा पुन्हा माझ्या भरवशावर मुलाला सोडणार नाही, या भीतीने मी खरं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं, आई, असं का केलंत? "मी काय, दोन महिन्यांनी जाणार. तुला रोज त्याला एकटीने सांभाळायचंय," म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या.

माझी भीती मात्र गेली नाही. नळ ठिबकला तरी धावायचे. बाथरूमच्या दाराचा नॉब समोरच्या दाराला नाडीने बांधायचे आणि गाठ पुन्हा पुन्हा बघून यायचे.

टब काढू, साधा शॉवर बसवू, म्हणून सुधीरच्या मागे लागले. तो म्हणाला, आई गेली की प्रश्नच मिटला, टबाने काय घोडं मारलंय? पण टब भरणारी तर इथेच राहणार होती.

पुन्हा आईच मदतीला आल्या. "माझे गुडघे दुखतात रे. ती कड नाही ओलांडवत. काढून टाक."

प्लंबर म्हणाला, एकच बाथरूम आहे, टब काढलात तर घराचा भाव पडेल. तरी काढला. ओतीव लोखंडाचा टब, घणाने फोडून तुकडे बाहेर नेले. निखिल माझ्या कडेवर होता, प्रत्येक घावाला दचकत होता. मी त्याच्याहून जास्त.

शॉवर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा मी आणि आई दारात उभ्या होतो. पाणी पडत होतं आणि जाळीतून निघून जात होतं. "बघ, थांबत नाही," आई हळूच म्हणाल्या. त्या मात्र जाईपर्यंत शॉवरखाली बादली लावूनच आंघोळ करायच्या... आणि झाली की बादली पालथी घालायच्या.

पुढे आई आणखी दोनदा आल्या. सुधीर प्रेमानेच वागायचा, पण निखिलला त्यांच्याजवळ एकटं त्याने कधीच सोडलं नाही. एकदा मी तापाने झोपले होते, बाहेर बर्फ, निखिलला सर्दी. तरी दूध आणायला जाताना त्याने पोराला बरोबर न्यायला कोट चढवला. आईंनी नुसती त्याची कानटोपी नीट केली. मी पांघरुणातून बघत होते.

आईंना जाऊन आता खूप वर्षं झाली. परवा टेबलावर सगळे त्यांना हसले, आणि मी त्यांना हसू दिलं. आई, माझं चुकलं. फार चुकलं.

सुधीर स्वयंपाकघरात चहा करतोय. हे आधी त्याला वाचून दाखवणार आहे, मगच इथे टाकेन.

तुम्ही हे वाचत असाल, तर टब मी भरला होता हे मी त्याला सांगितलंय.