दवाखान्यासमोरची भिंत

दोन हजार बावीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. पण अक्षर मोठं अन् ठसठशीत, त्याची मला घमेंड आहे.

त्या साली आरोग्याच्या कामाची एक बाई आमच्या गावात यायला लागली. घरात शिरली की आधी बोलायची नाही. समोरच्याच्या छातीकडं बघत उभी राहायची, श्वास किती घाईनं चाललाय ते बघायची. मग म्हणायची, "ताप नंतर. आधी माणूस बघा." तुम्हालाही वाटलं असतं, कोण ही उद्धट!

नांदेडला तिचं ऑफिस. जखमेतून, बाळंतपणातून जंतू शिरतो अन् आपलंच अंग आपल्यावर उलटतं, त्याला सेप्सिस म्हणतात. तो लोकांना वेळेत ओळखता यावा म्हणून देशभर काम चाललेलं, अन् आपल्या भागाची दोरी हिच्या हातात. लातूरकडच्या मुरुडजवळच्या आमच्या गावात फोनला रेंज फक्त पारावर. तिथं उभी राहून ती दिल्लीच्या साहेबाला म्हणाली, "सर, पोस्टर हिंदीत आलंय. आमची बाळंतीण हिंदीत कण्हत नाही."

पारावरचे म्हातारे लई हसले. मी हसलो नाही. माझी लेक जाऊन वर्ष झालं नव्हतं.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात नीट झालं होतं. घरी आणून रीतीप्रमाणं बाजेवर निजवली, खाली शेगडी. तिला हुडहुडी भरली, बायांनी निखारे वाढवले. अंग तापलं, तर म्हणाल्या शेकाची गर्मी हाय. पाय मात्र गार. माझ्या घरासमोर एक सुईवाला दवाखाना थाटून बसतो, डिग्री नाही, तरी गाव त्याला डॉक्टर म्हणतं. त्यानं सुई टोचली. मी म्हटलं, "लातूरला नेऊ का?"

"तात्या, बाळंतिणीला ताप यायचाच. कशाला नाचवता तिला?" वर हसला.

लेक बरळायला लागली तेव्हा मी त्याला न विचारता गाडी केली. लातूर आलं. लेक राहिली नव्हती.

बाई घरी आली तेव्हा मी कोयता पाजळत बसलो होतो.

"कुणासाठी, बाबा?"

"समोरच्यासाठी."

"कोयत्यानं एक जाईल. त्याच खुर्चीत दुसरा बसंल." मग खाली बसली. "माझी बहीण अशीच गेली. माझा राग तुमच्यापेक्षा जुना हाय."

"मग सोडला कसा?"

"सोडला म्हणून कुणी सांगितलं?"

त्या दिवसापासून ती मला माझी वाटली. तिनं विचारलं, बायांना काय सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं? मी म्हटलं, "हुडहुडी भरली, बरळली, पाय गार पडले, तर शेगडी नाही, गाडी." बाई तशीच उठली, पारावर गेली अन् दिल्लीला ओरडून सांगितलं, "हेच छापा!"

छापायची वाट मी बघितली नाही. सुईवाल्याच्या दाराच्या बरोबर समोर माझी भिंत. तांबडी काव कालवून तिच्यावर तेच लिहिलं.

तो बाहेर आला. "तात्या, हे माझ्यावर हाय का?"

"वाचता येतं ना? मग वाच."

भिंतीखाली बाज टाकून मी रोज बसायला लागलो. एकदा शेजारच्या गावची माणसं कुडकुडणारी बाळंतीण घेऊन त्याच्या दारात आली. मी भिंतीकडं हात केला. त्यांनी वाचलं अन् गाडी लातूरकडं वळवली. चार दिवसांनी तिची खबर आली, तसा पारावर जाऊन मी बाईला फोन लावून सगळं सांगितलं.

"जगली?"

"जगली."

"बरं. आता नांदेडकडच्या उमरीच्या लोकांना पण लिहून द्या."

पुढं तिला दिल्लीला बोलावून घेतलं. जायच्या आधी येऊन गेली. माझ्या छातीकडं बघत उभी राहिली. "ठीक हाय, बाबा." एवढंच. जीप गेली.

त्याच संध्याकाळी सुईवाल्यानं माझ्या भिंतीवर चुना फासला. बाई गेली, आता म्हातारा काय करतोय, असं त्याला वाटलं असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल मांडून मी सगळं पुन्हा लिहिलं, वीतभर अक्षरांत. खाली पहिल्यांदाच लेकीचं नाव घातलं. तो दार उघडून बाहेर आला. मी बाईसारखा त्याच्या छातीकडं बघत उभा राहिलो. श्वास लई घाईनं चालला होता.