टीव्हीतल्या बैलांचा पोळा

माझ्या अकोल्याच्या साडभाऊंनी जन्मात एकही वस्तू कंपनीने दिली तशी वापरलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे साडूला नुसतं साडू म्हटलं तर तो अर्धा परका वाटतो, म्हणून त्याला भाऊ जोडून टाकतात. तर हे साडभाऊ दुकानातून नवी वस्तू आणतात, दिवाणखान्याच्या मधोमध ठेवतात, तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि खिशातून पेचकस काढतात. माझी तऱ्हा नेमकी उलटी. मी अमरावतीला विद्यापीठाच्या कचेरीत काम करतो आणि नव्या रिमोटवरचं प्लॅस्टिकसुद्धा वर्षभर काढत नाही. साडभाऊंना याची फार कीव येते. "कंपनी वस्तू अर्धीच बनवते जी," ते मला समजावतात, "बाकी अर्धी ज्यानं त्यानं घरी बनवा लागते. तुमी ते अर्धीच वापरून राहिले."

बाकी अर्धी बनवताना काय होतं, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात त्यांनी कूलरला कपाशीच्या फवारणीचा पंप जोडला. हवा गार झाली यात शंका नाही, पण त्या दिवशी मुलीला पाहायला आलेले पाहुणे पोहे खाता खाता नखशिखान्त भिजले. स्थळ मोडलं. मुलीला त्याआधीच पुण्यात नोकरी करायची होती, त्यामुळे ती त्या कूलरचे अजून उपकार मानते. त्यांच्या स्कूटरला ट्रकचा हॉर्न आहे. भाजीबाजारात तो वाजला की माणसं जीव मुठीत धरून बाजूला होतात आणि मग गर्दीतून मेथीची जुडी अडकवलेली एक शांत स्कूटर निघून जाते. कुकरची शिट्टी कर्कश वाटते म्हणून त्यांनी ती बदलली. नवी शिट्टी इतकी सौम्य निघाली की ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, तीन भाज्या जाळल्यावर जुनी शिट्टी परत बसवली आणि पेचकस आठवडाभर पिठाच्या डब्यात लपवून ठेवला.

अशा माणसाच्या घरात गेम खेळायचा कन्सोल यावा, हे आमच्या नशिबातच होतं. पुण्याहून मुलगी सुट्टीवर आली तेव्हा ती तो घेऊन आली आणि जाताना इथेच ठेवून गेली. रिक्षात बसल्यावर तिने वडिलांना एकच सूचना केली, "बाबा, काही करा, पण त्याले उघडू नोका." साडभाऊंनी मान डोलावली. ही मान ते कशालाही डोलावतात.

त्याच सुमारास मामाजी अकोल्याला आले होते. मामाजी म्हणजे आम्हा दोघांचे सासरे. तेल्हाऱ्याचे, सारा जन्म वावरात गेलेला माणूस. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा साडभाऊंनी कुणाला न विचारता त्यांना आपल्या घरी आणलं. वावर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं, बैलांची जोडी विकली. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामासाठी स्पंजचा चेंडू दिला होता. तो रोज दाबत राहिलात तरच हात परत येईल, असं बजावलंही होतं. मामाजी तो चेंडू डाव्या हाताने उचलून खिडकीतून खाली टाकायचे. ताई खाली जाऊन आणायच्या, ते परत टाकायचे. बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्हाला खरी भीती हाताची नव्हती, त्या भिंतीची होती.

एका दुपारी साडभाऊंनी त्या कन्सोलवर शेतीचा एक गेम लावला. शेती म्हणजे परदेशातली. मैलभर लांब गहू, लाल छपराची कोठारं, घराएवढा ट्रॅक्टर आणि पीक निघालं की पडणारा बर्फ. साडभाऊ एकटेच खेळत होते. मागून आवाज आला, "याले धुरा कुठी हाय? आन कपाशी काहून नाई?" साडभाऊंनी वळून पाहिलं. मामाजी भिंतीकडची कूस सोडून टीव्हीकडे पाहत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून आख्खं वाक्य निघालं होतं. साडभाऊंनी त्याच क्षणी ठरवलं की या गेमला धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणायचा, कपाशी आणायची आणि तो मेला बर्फ बंद करायचा.

गेमलाही बाहेरून जोड देता येते, हे त्यांना मुलीने फोनवर सांगितलं. त्याला मोड म्हणतात. कुठल्यातरी देशातला एखादा हौशी माणूस घरी बसून नवं पीक, नवं अवजार, नवं गाव तयार करतो आणि ते आपल्याला आपल्या गेममध्ये घालता येतं. हे ऐकून साडभाऊंना जे वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. साठीच्या पुढे त्यांना कळलं की बाकी अर्धी वस्तू घरी बनवणारे लोक जगभर पसरलेले आहेत आणि त्यांची एक बिरादरी आहे. त्यांनी मला अमरावतीला फोन करून सांगितलं, "साडभाऊ, आपुन एकटे नाई आहो." मी कशातच नव्हतो, तरी हो म्हणालो.

सुरुवात मात्र त्यांच्या पद्धतीने झाली, म्हणजे चुकीची. पेनड्राइव्हमध्ये मोड भरून त्यांनी तो कन्सोलला लावला. कन्सोलने ढुंकून पाहिलं नाही. मग बाजारातला एक दुकानदार म्हणाला, डबा उघडून आतली कुलपं तोडून देतो, मग वाट्टेल ते घाला. साडभाऊ डबा पिशवीत घालून निघालेच होते. नशिबाने मुलीचा फोन आला. ती म्हणाली, कॉम्प्युटरवर बाहेरचं काहीही घालता येतं, कन्सोलवर नाही. इथे गेमच्याच मेनूत मोडची यादी असते, त्यातलेच मोड घ्यायचे, आणि कुलूप तोडलं तर खातंही जाईल आणि डबाही. "डबा आपला, लाइट बिल आपलं, आन त्याच्यात काय घालाचं ते कंपनी ठरोते?" साडभाऊ माझ्याजवळ कितीतरी वेळ धुमसत होते. पण खिडकीजवळ मामाजी वाट पाहत होते, म्हणून त्यांनी राग गिळला, गेम बनवणाऱ्यांकडे खातं उघडलं, पासवर्ड विसरले, परत उघडलं आणि एकदाचे त्या यादीत शिरले.

यादीत शिरल्यावर आमचे साडभाऊ लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे वागले. दिसेल ते घेतलं. कपाशी, तूर, विहीर, देऊळ, कुत्रा, पाऊस, चहाची टपरी, सारं एकदम डाउनलोड करून एकदम चालू केलं. गेम उघडला तेव्हा देऊळ कालव्यात उभं होतं, कुत्रा कळसावर भुंकत होता आणि थोड्याच वेळात सगळं जागच्या जागी थिजलं. मामाजी म्हणाले, "एवढी घाई तं तुमच्या लग्नातबी नोती केली." जावई लाजले. मग सगळे मोड काढून त्यांनी एका वेळी एकच घालायला सुरुवात केली. एक चालू करायचा, शेतात शिरायचं, सगळ्या वावरातून चक्कर मारायची, काही बिघडलं नाही हे पाहायचं, मगच दुसरा. साडभाऊंना इतक्या सबुरीने काही करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बर्फ थांबला. धुरा आला, धुऱ्यावर बाभळी आल्या. कपाशी फुटली, तेव्हा मामाजी उठून बसले.

आणि मग बैल आले. कुणीतरी बैलजोडीचा मोड केला होता. खरं म्हणजे तो ट्रॅक्टरच, वरून रूप बैलांचं, खांद्यावर जू आणि मागे नांगर, सगळं कायमचं चिकटवलेलं. चालू केले की आतून बारीक इंजिनाचा आवाज यायचा. मामाजी कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "बांड्याले सर्दी झाली वाटते." बांड्या आणि चांद्या ही त्यांच्या विकलेल्या जोडीची नावं. टीव्हीतल्या बैलांचं बारसं असं झालं. साडभाऊंना बैल हाकता येत नाहीत, नांगराचं तास वाकडं जातं, म्हणून चिडून मामाजींनी कंट्रोलर स्वतःच्या हातात घेतला. तो नुसत्या डाव्या हाताने धरता येत नाही, दोन्ही हात लागतात. उजव्या अंगठ्याने बैल वळवावे लागतात. पहिल्या दिवशी अंगठा नुसता थरथरला. पुढे पुढे बांड्या वळू लागला. डॉक्टर म्हणाले, हे जे काय चाललंय ते बंद पडू देऊ नका.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामाजी नांगर थांबवून म्हणाले, "यायच्या खांद्यावरचं जू काढा. उद्या पोळा हाय." आता ते जू काढायचं बटणच नव्हतं, कारण मोड करणाऱ्याला पोळा माहीत नव्हता. साडभाऊंनी सगळे मेनू धुंडाळले. शेवटी त्यांना सुचलं की मोडच एका दिवसासाठी बंद करून टाकावा, म्हणजे बैल मोकळे होऊन गोठ्यात जातील आणि परवा चालू केला की परत येतील. कूलर बंद करतो तसं. मामाजी झोपल्यावर त्यांनी मोड बंद करून शेत उघडलं. गेमने इंग्रजीत काहीतरी विचारलं, साडभाऊंनी सवयीप्रमाणे मान डोलावली आणि होय दाबलं. शेत सेव्ह करून निवांत झोपले.

सकाळी मामाजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून टीव्हीसमोर बसले. वावर होतं, धुरा होता, कपाशी होती. बैल नव्हते. गोठा रिकामा. साडभाऊंनी घाईघाईने मोड परत चालू केला, तरी बैल आले नाहीत, कारण गेमच्या लेखी आता या शेतात बैल कधी नव्हतेच. गेमच्या दुकानातून नवी जोडी घेता आली असती, हुबेहूब तशीच. ताईंनी तसं सुचवलंही. मामाजी म्हणाले, "एकडाव इकले. आता पुन्हा?" आणि कंट्रोलर खाली ठेवून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी आणि बायको पुरणपोळीच्या निमंत्रणावरून अमरावतीहून निघालोच होतो. गाडीत साडभाऊंचा फोन आला. ट्रकचा हॉर्न लावणारा हा माणूस बैल गेल्याचं कुजबुजत सांगत होता. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा परत फोन आला. आदल्या संध्याकाळपासून कॉलनीतलं नेट बंद होतं, ते आता आलं होतं, आणि कन्सोल पडद्यावर एक प्रश्न घेऊन उभा होता. "मी कशालेच हात नाई लावला जी," ते म्हणाले. "तुमी या. मले भेव लागून राहिलं."

आम्ही पोचलो. घरात पुरणाचा वास, आणि मामाजींचं तोंड भिंतीकडे. मी चष्मा पुसून पडदा वाचला. शेताच्या दोन प्रती होत्या. एक डब्यातली, काल रात्रीची. दुसरी इंटरनेटवर आपोआप ठेवली गेलेली, नेट जाण्याच्या आधीची. दोन्ही जुळत नाहीत, एक कोणती ती ठेवा, दुसरी कायमची पुसली जाईल. आणि खाली सल्ला होता की नवी प्रत ठेवणं चांगलं. मी आयुष्यभर छापील सल्ले पाळत आलेला माणूस. माझं बोट नव्या प्रतीकडे गेलंच होतं. साडभाऊंनी माझं मनगट धरलं. "कंपनी नवी घ्या म्हणते ना? मंग जुनी घ्या." मी विचार केला. नवी प्रत म्हणजे तीच, रिकाम्या गोठ्याची. आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांचा हात धरून, जुनी प्रत निवडली.

शेत उघडलं. बाभळीच्या सावलीत बांड्या आणि चांद्या उभे होते. इतकं हायसं मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरीनेही वाटलं नव्हतं. बायको रडायलाच लागली. साडभाऊंनी खाली वाकून हाक मारली, "मामाजी, पाहा जी, आले." मामाजी वळले. बराच वेळ पाहत राहिले. खांद्यावरचं जू तसंच होतं, तेही त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "राहू द्या. आज फक्त हलवू नोका त्यायले."

त्या दिवशी त्या घरात टीव्ही दिवसभर चालू होता आणि कंट्रोलरला कुणी हात लावला नाही. ताईंनी आरतीचं ताट आणलं, पुरणपोळीचा घास पडद्यासमोर धरला. कुंकू लावायला मामाजींना धरून उठवलं. त्यांनी ताटात बोट बुडवलं आणि एकेका बैलाच्या कपाळावर, काचेवर, सावकाश टिळा लावला. उजव्या हाताने. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नाही. साडभाऊंनी मला कोपराने ढोसलं. बोललो तर तो हात खाली पडेल असं काहीतरी वाटत होतं.

संध्याकाळी ताई टीव्ही बंद करायला गेल्या तेव्हा मामाजी म्हणाले, "कर बंद. सकाळी जुपू मंग, त्या कोपऱ्यातलं वावर रायलं." दुखणं आल्यापासून त्यांनी दुसऱ्या दिवसाची गोष्ट पहिल्यांदाच काढली होती.

बायको बहिणीकडे राहिली. मला कचेरी होती, म्हणून साडभाऊ मला स्कूटरवरून स्टँडवर सोडायला आले. वाटभर त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. गाडी लागली होती. मी चढताना ते म्हणाले, "पुढच्या पोळ्यालेबी या जी. मामाजी वाट पायतीन." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मामाजींचं वय दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघेही तेच मोजत होतो.

"येतो," मी म्हणालो.