आक्काची सोळा पत्रं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या बहिणीचं लिहिणं मी बंद पाडलं. वाचणारं कोणी नव्हतं म्हणून ते बंद पडलं, असं ती आजही समजते.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बियाणे कंपन्यांची माहितीपत्रकं आणि कोपऱ्यात नेटचे दोन कॉम्प्युटर. मराठी ब्लॉग नुकते निघायला लागले होते. मी कविता करायचो. दिवाळी अंकांकडून त्या परत यायच्या. मग स्वतःचाच ब्लॉग काढला, आणि पान रिकामं दिसू नये म्हणून आक्काचं लिहिलेलंही त्यावर टाकायला लागलो.

आक्का पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. शेतात कपाशीच्या बियाण्याचं क्रॉसिंग करायची. उद्या उमलणारी कळी दुपारी अंगठ्याच्या नखानं सोलायची, खुणेला दोरा बांधायचा, सकाळी तिच्यावर नरफूल घासायचं. त्यासाठी वाढवलेलं नख, त्या नखावरून सासूशी झालेली भांडणं, ओळीतल्या बायांच्या गप्पा, हे सगळं ती वहीत लिहायची. महिन्याकाठी वही घेऊन दुकानात यायची. मी टाईप करायचो.

"कोणी वाचून राह्यलं का रे?"

"न्हाई."

"एक बी न्हाई? एकानं जरी वाचलं ना, तर मी सगळं लिहीन बघ. आजून तर काहीच लिहिलं न्हाई म्या."

वाचत होते. पत्रं येत होती, सगळी तिलाच. माझ्या कवितेखाली एकदाच कोणीतरी लिहिलं, तेही 'त्या बाईंचं पुढचं कधी?' एवढं विचारायला. मेलचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी पत्रं छापून घ्यायचो आणि खणात टाकायचो. एकदम सगळी दाखवू, असं स्वतःला सांगायचो. नागपूरच्या एका निवृत्त मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी उत्तर धाडलं : लेखिकेने लेखन थांबवले आहे. त्या वेळी आक्का माझ्या शेजारी स्टुलावर बसलेली होती, वही उघडून.

पाठवलं आणि तिला म्हणालो, "या महिन्यात बी कोणी न्हाई."

"तू मन लावून टाकतच न्हाईस," ती म्हणाली. समोर पत्रिकेचं गिऱ्हाईक होतं. "आन तुझ्या कवितेला तरी कोणी इचारतं का? नुसतं चांदणं आन चांदणं. जालन्यात कुठं पाह्यलं रे तू एवढं चांदणं?"

गिऱ्हाईक हसलं. माझं डोकं फिरलं.

"लोकं वाचतेत आक्का. हसतेत तुला. ऱ्हस्व-दीर्घ येत न्हाई, म्हणतेत, आन ही बाई लिहिती कशाला. मीच सांगत नव्हतो."

तिनं वही मिटली. पिशवीत घातली.

"बराबर हाय त्यायचं," ती म्हणाली. "चौथी शिकलेली बाई मी. पण तुझ्याकडून पाटीवर अ म्याच गिरवून घेतल्ता."

पुढच्या हंगामात गावी गेलो, तर तीच वही खुंटीला दोरीनं बांधलेली. उरलेल्या पानांवर क्रॉसिंगच्या बायांची हजेरी. आक्का चहा ठेवून आत निघून गेली. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं. आता मी एकटाच काय ते लिहिणार, असं. त्यानंतर पत्रिकांच्या मजकुराशिवाय मी एक ओळ लिहिलेली नाही.

आक्काचं नख आता कापलेलं असतं. ब्लॉग केव्हाच बंद झाला. कागद मात्र अजून खणात आहेत, आणि मास्तर असतील की नाही, माहीत नाही.

मी आक्काला सोळा पत्रं देणं लागतो. आणि कोणीही हसलं नव्हतं, हे तिच्यासमोर बसून सांगणं लागतो.