गोरं करा की!

परवा फिनेल समजून मी छापखान्यातून आणलेलं, छपाईच्या प्लेट धुवायचं केमिकल मोरीत ओतलं, आणि त्या उग्र वासानं एक जुनी दुपार आठवली. छपाईआधी कॉम्प्युटरवर रंग जुळवणं हे माझं काम. लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले नवऱ्या मुलाचे वडील स्क्रीनवरच्या जोडीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “सूनबाईला जरा गोरं करा की!” सूनबाई मागंच उभी, मान खाली घालून. नवरा मुलगा मोबाईल बघत होता. माझं डोकंच फिरलं. “काका, पोरगी हाय तशीच छापणार. न्हायतर दुसरा छापखाना बघा!” काका त्या दोघांना घेऊन तरातरा निघून गेले, मालकानं मला झाड झाड झाडलं. घरी हे सगळं फुशारकीनं सांगितलं, तर बायको माझ्यावरच भडकली, “म्हाताऱ्यावर काय ओरडलात? लग्न त्या मोबाईल बघत गप्प बसलेल्याशी हाय की तिचं!”