फ्रीजमधले डॅफोडिल
फ्रीजचा भाजीचा कप्पा उघडला, की त्या गार वासासरशी मला निपाणीचं सासर आठवतं. नवी नवरी होते मी, आणि अक्कल माहेरीच ठेवून आलते. फौजेतल्या भावानं काश्मीरहून डॅफोडिलचे कंद आणून दिले आणि म्हणाला, "आक्का, लावायच्या आधी गारव्यात ठेव." मी शहाणीनं ते नेऊन फ्रीजमध्ये ठेवले, तेही आमच्या जैनांच्या घरात, जिथं कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही! सासूबाईंनी कप्पा उघडला आणि किंचाळल्याच, "कांदं! माझ्या घरात कांदं!" मी म्हटलं, "आत्ती, फुलाचे कंद हायत वो. हुंगून बघा, कांद्याचा वास येतोय का?" "मी कवा कांदा हुंगलाय गं, मला म्हाईत असायला?" आता हे उकिरड्यावर जाणार म्हणून मी रडकुंडीला आले, तर त्याच म्हणाल्या, "टाकतीस कुठं? जीव हाय त्यात. मातीत लाव." मागच्या दारी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावले. पात आली, तीही हुबेहूब कांद्याची. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. फूल काही आलं नाही, आणि उन्हाळ्यात पातही वाळली. मी नाद सोडला. सासूबाई मात्र बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन करून आल्या, की त्या उघड्या मातीवर तांब्याभर पाणी घालायच्या. "निजलंय आत. उठंल की." शेवटपर्यंत घातलं त्यांनी. फुलं आता नातसून फोनवरून मागवते, पिवळीधमक, हवी तितकी. पण त्या डब्यापाशी वाकलेल्या सासूबाई एकदा दिसाव्यात, असं या वयात लई वाटतं.